सौम्य चित्रपुस्तक आणि प्रकटवाचन : ताथवडे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

लहान मुलांना वाचून दाखवावयाच्या पुस्तकांची निवड करताना ‘सौम्य’ हे विशेषण पालक आणि बालवाडी-शिक्षिका यांच्या तोंडी वारंवार येते. त्याचा अर्थ विचारला असता मात्र उत्तर बहुधा नकारार्थी मिळते. पुस्तकात राक्षस नसावा, मारामारी नसावी, कोणी मरू नये, मूल रडेल असे काही नसावे. या कसोटीने निवडलेली पुस्तके निरुपद्रवी असतात यात शंका नाही. परंतु निरुपद्रवी आणि सौम्य यांत भेद आहे. फुगे, फुलपाखरे आणि हसरा सूर्य यांनी भरलेले पुस्तक एकाच पानावर मुलापुढे बारा गोष्टींचा ढीग ओतू शकते, त्याच्याशी परक्या भाषेत बोलू शकते आणि शेवटी एखादा उपदेश त्याच्या माथी मारू शकते. याउलट ज्यात वाघ आहे असे पुस्तक अत्यंत सौम्य असू शकते. सौम्यता पुस्तकातील प्रसंगांची यादी पाहून ठरत नाही. पुस्तक मुलाला किती अवकाश देते, एका वेळी किती दाखविते, कोणत्या भाषेत बोलते आणि अखेरीस त्याला कोठे आणून सोडते, यावरून ती ठरते.

या प्रश्नाचा विचार ताथवड्याच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. मुंबई–बंगळूर महामार्गालगतचे हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. वाकड आणि पुनावळे यांचा शेजार, आणि थोड्याच अंतरावर हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्र. नृसिंहाचे देऊळ, पशुसंवर्धन खात्याचे वळू-माता प्रक्षेत्र, अभियांत्रिकी व व्यवस्थापन शास्त्राची महाविद्यालये आणि बहुमजली गृहसंकुले ही सर्व येथे एकाच शिवारात नांदतात. मूळच्या गावकरी कुटुंबांबरोबर राज्याच्या इतर भागांतून आणि परप्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे राहतात. आईवडील दोघेही कामावर, मूल पाळणाघरात, आणि तिसरे वर्ष लागताच इंग्रजी माध्यमाचा शिशुवर्ग, असा क्रम अनेक घरांत आढळतो. अशा मराठी घरातील मुलाच्या कानी दिवसभरात जी मराठी पडते ती बव्हंशी आज्ञार्थी असते : ऊठ, जेव, चल, उशीर झाला. गोष्टीची मराठी त्याला भेटते ती रात्रीच्या पंधरा-वीस मिनिटांत, भेटलीच तर. ती मिनिटे चुकीच्या पुस्तकावर खर्ची पडली, तर सूचना मराठीत असतात आणि गोष्टी इंग्रजीत असतात, अशी समजूत ते मूल शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच करून घेते. पुढे ती समजूत कोणत्याही पाठ्यपुस्तकाने पुसणे कठीण जाते.

चित्रपुस्तक म्हणजे चित्रे असलेले पुस्तक नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. यान आमोस कोमेनियस याने १६५८ साली चित्रांच्या आधारे जगातील वस्तूंची नावे शिकविणारे पुस्तक सिद्ध केले, तेव्हापासून चित्र हे शिक्षणाचे साधन म्हणून मान्य झाले. मराठीत १८२८ च्या इसापनीतीपासून बालवाङ्मयाचा ओघ सुरू होतो, आणि विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मासिक १८८१ साली निघाले. परंतु हे साहित्य वाचता येणाऱ्या मुलांसाठी होते. चित्र आलेच तर मजकुराच्या सोबतीला येई. चित्रपुस्तकात ही व्यवस्था बदलते. मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते, चित्र जे दाखवू शकत नाही ते मजकूर सांगतो, आणि दोहोंमधील जागा मूल भरून काढते. आवाज मोठ्याचा आणि नजर मुलाची, अशी कामाची वाटणी या प्रकारात होते. वाचणाऱ्याची दृष्टी अक्षरांवर असताना मूल चित्र वाचत असते, आणि पुष्कळदा मोठ्याच्या ध्यानात न आलेला उंदीर कोपऱ्यात त्याने आधीच पाहिलेला असतो. हा आनंद ज्या पुस्तकात नाही ते कितीही गोड असो, प्रकटवाचनास कमी प्रतीचे समजावे.

आता भीतीचा प्रश्न. चिमणी आणि कावळा यांची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो मेणाच्या घरातील चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी बाळाच्या न्हाण्या-निजण्याची कारणे सांगत दार उघडण्यास विलंब लावते. कित्येक घरांत सांगितल्या जाणाऱ्या शेवटी कावळा तापल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. दोन-अडीच वर्षांची मुले ही कथा आजीच्या मांडीवर हसत ऐकतात. मात्र तोच तवा आणि तोच भाजलेला कावळा पानभर रंगीत चित्रात पुढे आला, तर त्यांतीलच एखादे मूल पुस्तक मिटून टाकते. याचे कारण कथेत नाही, माध्यमात आहे. ऐकलेल्या गोष्टीचे चित्र मूल स्वतः काढते आणि आपल्याला पेलेल एवढेच काढते. शिवाय आजीचा आवाज, तिच्या हाताची थाप आणि तालबद्ध पुनरुक्ती यांमुळे त्या प्रसंगाची धार बोथट होते. छापील चित्राला ही लवचीकता नाही. ते सर्व मुलांसाठी एकाच आकाराचे असते आणि पान उलटेपर्यंत समोरून हलत नाही.

तेव्हा लोककथेवरून केलेले चित्रपुस्तक पारखताना कथा मूळची सौम्य आहे की नाही हा प्रश्न दुय्यम होय. चित्रकाराने कोणता क्षण निवडला, हे पाहावयाचे. लेकीकडे निघालेल्या आणि परतताना भोपळ्यात बसणाऱ्या म्हातारीच्या कथेत वाघ टाळता येत नाही. तो टाळला तर कथाच उरत नाही. पण वाघ झाडीच्या पलीकडे अर्धा दिसतो की जबडा पसरून पान व्यापतो, म्हातारीचा चेहरा भेदरलेला आहे की मिस्कील, आणि पुढच्या पानावर भोपळा गडगडत सुटलेला दिसतो की नाही, यांवर पुस्तकाची सौम्यता अवलंबून आहे. भयाचा क्षण आणि त्यातून सुटकेचा क्षण यांमध्ये एकाच पानाचे अंतर असावे, असा व्यावहारिक नियम अडीच-तीन वर्षांच्या श्रोत्यासाठी सांगता येईल. कथेतला कोणी दुष्ट म्हणून कापून काढण्याची जी लाट अलीकडे दिसते, तिने कथा सौम्य होत नाहीत, केवळ बेचव होतात.

हा वाद मराठीपुरता नाही. मॉरिस सेंडॅक याचे विक्राळ प्राण्यांच्या बेटावर जाणाऱ्या मुलाचे पुस्तक १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा ते मुलांना घाबरवील अशी टीका झाली. टीकाकारांत मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइमही होता. त्यानेच पुढे १९७६ मध्ये परीकथांतील भीती मुलाच्या मनाला उपकारक असते असा ग्रंथभर युक्तिवाद केला, ही गंमतीची गोष्ट. त्या पुस्तकाच्या शेवटी मुलगा आपल्या खोलीत परततो तेव्हा त्याचे रात्रीचे जेवण तेथे ठेवलेले असते, आणि ते अजून गरम असते.

भाषेचा मुद्दा मराठी पुस्तकांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे दुर्लक्षही अधिक झाले आहे. लिखित मराठी ‘घराचे दार उघडले’ असे म्हणते. घरात माणसे ‘दार उघडलं’ म्हणतात. मोठ्या वाचकाला हा फरक जाणवतही नाही. दोन वर्षांच्या मुलाला तो जाणवतो, कारण त्याची सारी भाषा कानाने आलेली आहे. ग्रांथिक रूपांतील मजकूर वाचताना अनेक माता मनातल्या मनात रूपे बदलून वाचतात; ज्यांना ते साधत नाही त्यांचे वाचन अडखळते आणि आवाजात एक औपचारिकपणा येतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचाचे नावच या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘राधाचे घर’ हे शुद्धलेखनाच्या नियमांना अधिक मानवले असते. पण मग ते राधाने सांगितलेले घर राहिले नसते. या संचात घरातील माणसांची ओळख घडते ती नेहमीच्या घरगुती तपशिलांतून, आणि शब्द व चित्रे एकाच हातची असल्याने दोहोंचा सूर जुळतो. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या या व अशा पुस्तकांनी मराठी चित्रपुस्तकाला बोलता आवाज दिला. श्रीमती पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला. त्यांच्या मातोश्री निर्मला पुरंदरे यांनी १९८१ साली स्थापिलेल्या ‘वनस्थळी’ने पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बालवाडी-शिक्षिका तयार करण्याचे काम केले. बालवाडी आणि बालपुस्तक यांचा हा सांधा एकाच घरात जुळला, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

भाषांतरित पुस्तकांची कसोटी याच ठिकाणी लागते. बाजारातील स्वस्त पुस्तकांत इंग्रजी वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरविलेले आढळते. पिलू पडते आणि आई विचारते, ‘तू ठीक आहेस ना?’ रात्री तीच आई म्हणते, ‘मी तुझ्यावर खूप प्रेम करते.’ मराठी आई पडलेल्या मुलाला ‘कुठं लागलं रे?’ म्हणून जवळ ओढते; प्रेमाचे विधान ती सहसा करीत नाही, ‘माझं सोनं ते’ एवढ्यावर भागविते. अशी पुस्तके आशयाने पूर्णतः सौम्य असतात, पण त्यांतील आई मुलाच्या ओळखीची नसते. निवड करणाराने पुस्तक विकत घेण्यापूर्वी दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. जेथे जीभ अडखळेल किंवा हसू येईल, तेथे भाषांतर कच्चे आहे असे खुशाल समजावे.

पानाच्या रचनेविषयी प्रयोगांनी काही निश्चित माहिती दिली आहे. ससेक्स विद्यापीठातील फ्लॅक आणि हॉर्स्ट यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रे असलेल्या पुस्तकापेक्षा एका वेळी एकच चित्र दाखविणाऱ्या पुस्तकातून मुलांनी नवे शब्द अधिक आत्मसात केले. दोन चित्रे असली की कोणत्या चित्राविषयी बोलणे चालले आहे हे मुलाला कळत नाही. पान उलटताच चित्र उभे राहणारी, ओढल्यास हलणारी पुस्तके दुकानात प्रथम हाती येतात. परंतु टेर, डीलोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० साली असे दिसून आले की अशा करामती मुलाचे लक्ष विषयावरून खेळाकडे नेतात. खेळणे म्हणून ती उत्तमच. हॉर्स्ट यांच्याच २०११ च्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना तोच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकविण्यापेक्षा एकच गोष्ट पुनःपुन्हा वाचून दाखविल्याने तो अधिक पक्का झाला. ‘तेच पुस्तक रोज मागतो’ ही तक्रार करणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा. महिन्याला पाच पुस्तके आणण्यापेक्षा वर्षाला पाच चांगली पुस्तके आणणे हे खिशाला आणि मुलाला दोघांनाही मानवते. अर्थात मोठ्यालाही जे सोळाव्यांदा वाचवते असेच पुस्तक मग निवडावे लागते, आणि ही अट वाटते तितकी सोपी नाही.

वाचण्याच्या रीतीवर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा प्रयोग मूलभूत मानला जातो. दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना, वाचताना खुले प्रश्न विचारावेत आणि मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत द्यावे, असे शिकविण्यात आले. महिन्याभरात त्या मुलांच्या बोलण्यात स्पष्ट प्रगती दिसली. या पद्धतीचे आपल्याकडे विकृत रूप मात्र लवकर होते. ‘हा रंग कोणता? हत्तीला पाय किती?’ अशी तपासणी सुरू झाली की सौम्यातले सौम्य पुस्तक परीक्षेची उत्तरपत्रिका बनते. मुलाने बोट ठेवले त्या ठिकाणी थांबावे आणि त्याच्या ‘भू भू’ला ‘हो, भू भू चिखलात बसलाय’ एवढे उत्तर द्यावे. पद्धतीचे मर्म यात आले.

विषयाच्या निवडीत ताथवड्याच्या मुलाला एक दुर्मीळ लाभ आहे. गृहसंकुलाच्या सावलीतच गाईगुरे आहेत. असे असता शेतावरील जनावरे म्हणून त्याच्या हाती बहुधा लाल लाकडी कोठार, गवताच्या गोल गुंडाळ्या आणि विलायती काळी-पांढरी गाय यांचे पुस्तक येते. वशिंड असलेली गाय चित्रात आणि वाटेवर दोन्हीकडे भेटली, तर पुस्तक जगाविषयी खरे बोलते हा विश्वास मुलाला येतो. कपडे घालून बोलणारी जनावरे गोष्टीत अवश्य असावीत. मात्र गानेआ व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात जनावरांना माणसासारखे रंगविणाऱ्या पुस्तकांतून मुलांनी त्या जनावरांविषयीची खरी माहिती कमी उचलली. म्हणून बोलणाऱ्या गाईबरोबर एखादी न बोलणारी गायही फळीवर असावी.

शेवटी बहुभाषी घरांचा विचार राहतो. वडील मराठी, आई कन्नड, आजी तेलुगू वाचणारी आणि सांभाळणारी बाई हिंदी बोलणारी, अशा घरी एकाच भाषेचे पुस्तक फार तर दोघांच्या उपयोगी पडते. अशा वेळी शब्दविरहित चित्रपुस्तक सर्वांत सोयीचे. ज्याने त्याने आपापल्या भाषेत सांगावे. एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याची प्रथा १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेने रुजविली आणि चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने ती पुढे चालविली. तेच चित्र आईने कन्नडमधून आणि वडिलांनी मराठीतून वाचल्यास मुलाला दोन नावांची एकच वस्तू भेटते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संगणकीय भांडारात मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. त्या छापूनही घेता येतात. प्रकटवाचनासाठी त्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखविण्यापेक्षा कागदावर उतरवून, दोऱ्याने शिवून घ्याव्यात. आजीला चष्म्याशिवाय दिसेल इतके अक्षर मोठे करून घेण्याची सोय त्यात आपोआपच होते.