खवय्यांच्या नगरीची वाट : कोल्हापूरच्या सहलीची आंखणी

जपानांत ओसाका नांवाचें एक मोठें व्यापारी शहर आहे. तेथील लोकांच्या खाण्याच्या आवडीविषयीं 'कुइदाओरे' असा एक शब्द रूढ आहे. खाण्यापायीं दिवाळें निघालें तरी बेहत्तर, असा त्याचा भावार्थ. पूर्वीं देशभरचा तांदूळ त्या बंदरांत उतरत असे, म्हणून ओसाकास 'देशाचें स्वयंपाकघर' असें म्हणत. अशा नगरीस एकदां जावें असें कोणास वाटणार नाहीं? परंतु ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या विद्यार्थ्यांस खवय्यांचें शहर पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं. रात्रीं कल्याणास महालक्ष्मी एक्सप्रेसमध्यें बसावें. पुणें, सातारा व मिरज मागें टाकून सुमारें ४६५ किलोमीटरांचा प्रवास होतो आणि सकाळीं कोल्हापूर येतें.

सहलीची आंखणी करतांना पदार्थांची यादी करण्यापूर्वीं तेथील लोक असें कां खातात, हें समजून घ्यावें. पंचगंगेच्या पाण्यानें ऊंस पिकतो, उंसापासून गूळ होतो; कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. हिरव्या वैरणीवर म्हशी पोसल्या जातात आणि त्यांच्या दुधावर तालमींतील मल्ल. कुस्तीची ही आवड राजर्षि शाहू महाराजांनीं वाढविली. १९१२ सालीं बांधून झालेलें खासबाग मैदान त्याची साक्ष देतें. तांबड्या रश्शाची मिरची सीमेपलीकडील संकेश्वर, ब्याडगी या बाजूनें येते. नदी, शेत, गोठा आणि तालीम यांचीच चव ताटांत उतरते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची. मिसळ ही सकाळची. ठाण्यांत मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीवर वाढलेल्या मुलांनींही येथें प्रथम थोडाच रस्सा घ्यावा. दुपारीं तांबडा व पांढरा रस्सा. पांढरा रस्सा मटणाच्या आळणी पाण्यांत नारळाचें दूध घालून करितात, व तो तांबड्याचा दाह शमवितो. सायंकाळीं गंगावेशींतील दूध कट्ट्यावर समोर काढलेलें धारोष्ण दूध मिळतें. ज्यांस कच्चें दूध सोसत नाहीं त्यांनीं तें तापवूनच घ्यावें. गुऱ्हाळ पाहावयाचें तर हिवाळ्यांत जावें. पावसाळ्यांत तेथील चूल थंड असते. शाकाहारी मुलांसाठीं झुणका-भाकर, वांग्याची भाजी व खर्डा आहेच. मात्र रस्सा कशाचा, हें विचारल्यावांचून वाटी पुढें करूं नये. विचारण्यांत संकोच नाहीं, आणि यजमानासही त्याचा राग येत नाहीं.

ही आंखणी आमच्या वर्गांत चालली असतां एक प्रश्न निघाला. कांहीं मुलें मांसाहारी, कांहीं शाकाहारी. तेव्हां जेवणास निरनिराळ्या ठिकाणीं बसावें काय? एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, मग मी कोणाबरोबर बसूं?" त्या प्रश्नानें आम्हीं क्षणभर निरुत्तर झालों. त्याचें उत्तर आम्हांस कोल्हापूरच्याच इतिहासांत सांपडलें.

शाहू महाराजांच्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचे एक नोकर होते. ते अस्पृश्य मानलेल्या जातींतील. पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून त्यांस बेदम मारहाण झाली. महाराजांस हें कळतांच त्यांनीं मारणारांस शिक्षा केली, आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा करावयास सांगून मदत दिली. गंगारामांनीं चहाचें हॉटेल काढलें. पाटी लागली, चहा उकळला. पण गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज स्वतः आपली गाडी दारांत उभी करून भर रस्त्यावर गंगारामांच्या हातचा चहा घेऊं लागले, आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींसही तो घ्यावयास लावूं लागले. सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम त्यांनीं १९१९ सालीं काढले. परंतु हुकुमानें जें मनांत उतरलें नसतें, तें त्या एका पेल्यानें उतरविलें, असें आम्हांस वाटतें.

ही गोष्ट ऐकिल्यावर वर्गानें आपण होऊन ठरविलें कीं, ताटांत ज्याच्या त्याच्या रुचीचें व नियमाचें अन्न असावें, परंतु पंगत एकच असावी. कोणी कोणाच्या ताटाची चौकशी वा चेष्टा करूं नये. ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला होता, त्याच्याकडेच बैठकीची यादी करण्याचें काम सोंपविलें.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मुलांबरोबर औषधें, स्वेटर व माफक पैसे जरूर द्यावे. सोबत परक्या हातचें अन्न आदरानें घेण्याची मोकळीकही द्यावी. सहलीच्या यादींत दहा पदार्थ मुलांनीं लिहिले आहेत. अकरावा आम्हीं घातला आहे : कोल्हापुरांतील कोणत्याही टपरीवर, सर्वांनीं एकत्र उभें राहून, एक पेला चहा.