मानसोल्लासांतील मल्ल आणि औंधचे नमस्कार

आपल्याकडील राजे पूर्वींपासून सर्व प्रजेकडून व्यायाम करवून घेत असत, असें विधान हल्लीं पुष्कळदा वाचावयास मिळतें. इ. स. २०१९ च्या २९ ऑगस्ट रोजीं भारत सरकारनें 'फिट इंडिया' ही चळवळ सुरू केली, तेव्हांपासून तें अधिकच कानावर येतें. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा दोन पुरावे पुढें करण्यांत येतात : एक कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', व दुसरा घरोघरच्या पोथ्यांतून आढळणारे सूर्यनमस्कार. दोन्ही पुरावे अस्सल आहेत. परंतु त्यांवरून जें सिद्ध करावयाचें तें सिद्ध होत नाहीं, असें आमचें मत आहे.

मानसोल्लास हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथ. त्याच्या पांच विंशति असून प्रत्येकींत वीस अध्याय आहेत. त्यांपैकीं मल्लविनोद या अध्यायांत मल्लांचे वय, शरीर व बळ यांवरून भेद केले आहेत; त्यांस उडीद, मांस, दूधदुभतें राजाकडून मिळावें असें सांगितलें आहे; आणि वाळूचीं ओझीं उचलण्याचा भारश्रम, पहांटे चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यांतील सलिलश्रम, तसेच बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम असे श्रमांचे प्रकार दिले आहेत. स्तंभश्रम तो आजचा मल्लखांबच, असें कित्येक मानतात. तूर्त तो वाद बाजूस ठेवूं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती या अध्यायाची जागा. दुसऱ्या विंशतींत मिळालेलें राज्य स्थिर कसें करावें हें सांगतांना अमात्य, राष्ट्र, कोश, दुर्ग, बल इत्यादि राज्याचीं अंगें आलीं आहेत. मल्ल तेथें नाहींत. ते आले आहेत चौथ्या विंशतींत, म्हणजे राजाच्या विनोदांत. आणि कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी त्यांच्या शेजारींच आहेत. ग्रंथकार स्वतः राजा होता. मल्ल पोसणें हें आपल्या करमणुकीचें अंग, प्रजेच्या आरोग्याचें नव्हे, असा त्याचा हिशेब यांतून उघड दिसतो.

हीच परंपरा पुढें दीर्घकाळ चालली. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले बाळंभट दादा देवधर यांस मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचें श्रेय परंपरेनें दिलें जातें. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा मल्लविद्येचा शोक प्रसिद्ध आहे, आणि कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबाग मैदान इ. स. १९१२ चें. या राजाश्रयावांचून ही विद्या टिकली नसती. तथापि खुराक निवडक मल्लांचा आणि प्रजा प्रेक्षक, ही मांडणी त्यांत बदलली नाहीं.

आतां पोथ्यांचा पुरावा. तृचाकल्पनमस्काराच्या पोथ्या संग्राहकांस नवीन नाहींत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचांचीं पदें व सूर्याचीं नांवें योजून हे नमस्कार घालावयाचे असतात. आमच्या पाहण्यांत आलेल्या अशा पोथ्यांत संकल्प, मंत्र, अर्घ्य व फलश्रुति सविस्तर असतात. शरीराच्या क्रमवार स्थिति मात्र नसतात. हें उपासनेचें विधान आहे. हठप्रदीपिकेच्या 'ज्योत्स्ना' टीकेंत तर ब्रह्मानंदानें फार सूर्यनमस्कार घालणें हें योगाभ्यासकानें टाळावयाच्या कायक्लेशांत गणलें आहे! नमस्कारांनीं शरीरास श्रम होतात हें त्यास ठाऊक होतें. पण ते श्रम हितकर म्हणून सर्वांनीं करावेत, ही कल्पना तेथें नाहीं.

ती कल्पना स्पष्टपणें दिसते ती औंधास. भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं प्रथम सँडोच्या साधनांनीं कांहीं वर्षें व्यायाम केला व मग ते नमस्कारांकडे वळले. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत. इतकेंच नव्हे, तर संस्थानच्या शाळांतून त्यांनीं ते सक्तीचे केले. इ. स. १९३८ मध्यें लुईझ मॉर्गन यांनीं संपादिलेलें त्यांचें या विषयावरील पुस्तक लंडनमध्यें निघालें. येथें मल्ल जाऊन विद्यार्थी आला, आणि विनोद जाऊन शासन आलें. मुंबई इलाख्यांतही इ. स. १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आल्यावर स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणासाठीं समिति नेमली गेली, आणि इ. स. १९३८ त कांदिवलीस व्यायामशिक्षकांची संस्था निघाली.

शाळेची सक्ती शाळेपुरतीच चालते, हें आम्ही अध्यापनाच्या काळांत पुरेसें पाहिलें आहे. इ. स. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीप्रमाणें इ. स. २०२२ मध्यें भारतांतील सुमारें निम्म्या प्रौढांस पुरेशी शारीरिक हालचाल घडत नव्हती. औंधचा प्रयोग शाळेबाहेर किती झिरपला, हा प्रश्न म्हणूनच केवळ जिज्ञासेचा नाहीं. त्याचें उत्तर पोथ्यांत मिळणार नाहीं. तें शाळांचीं परिपत्रकें, नमस्कारांचे छापील तक्ते, हजेरीचीं पुस्तकें व तालमींच्या जमाखर्चाच्या वह्या यांत आहे. दुर्दैवानें हे कागद जुने नाहींत, म्हणून संग्राहक ते घेत नाहींत, आणि नवे नाहींत, म्हणून घरचे लोक ते रद्दींत घालतात.

तरी ज्यांच्याकडे सूर्यनमस्काराची पोथी असेल त्यांनीं तिची नोंद करतांना नमस्कारांची संख्या, प्रत्येकाचा मंत्र, लेखनकाल आणि शरीरस्थितींचा उल्लेख आहे कीं नाहीं, एवढें अवश्य लिहावें. आणि त्याच बासनांत एखादा छापील तक्ता सांपडल्यास तो वेगळा काढून न टाकतां पोथीबरोबरच ठेवावा.