आलेखातला बुधवार कुठे गेला?

समजा, तुमच्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता नववीची दोन मुले वर जातात, आत साठलेले पाणी मोजतात आणि आकडा वहीत टिपून ठेवतात. शनिवारी शाळेच्या संगणकावर एक्सेलसारख्या आज्ञावलीत आठवड्याचा तक्ता भरायचा आणि त्याचा स्तंभालेख काढायचा. सोमवार १२ मिलिमीटर, मंगळवार ८, बुधवार २३, गुरुवार ५, शुक्रवार ०, शनिवार १७. कळ दाबली, पडद्यावर आलेख उमटला. पण बुधवारच्या जागी स्तंभच नाही! आणि गंमत अशी, की सर्वांत जास्त पाऊस बुधवारीच पडला होता.

अशा वेळी बहुतेक जण आलेखाशीच झटापट सुरू करतात. रंग बदलून बघतात, स्तंभ जाड करतात, आलेख पुसून पुन्हा काढतात. बुधवार काही परत येत नाही, कारण बिघाड आलेखात नाहीच. तो ज्या तक्त्यावरून निघाला त्या तक्त्याकडे चला. बुधवारच्या चौकोनात कोणीतरी नुसते २३ न लिहिता ‘२३ मिमी’ असे लिहिले आहे. तुम्हा-आम्हाला त्यातला आकडा दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र पुढे ‘मिमी’ लागताच तो सगळा मजकूर झाला, आणि मजकुराला उंची कसली? त्याने शून्य उंचीचा स्तंभ काढला.

ही चूक पकडण्याच्या दोन खुणा आहेत. मुद्दाम काही बदलले नसेल, तर आकडे चौकोनाच्या उजव्या कडेला टेकून बसतात आणि मजकूर डाव्या कडेला. दुसरी खूण बेरजेची. संगणकाला बेरीज विचारा. तो ४२ सांगेल. वहीवरून हाताने करा, ६५ येईल. हरवलेले २३ लगेच सापडतात.

आता रविवारचे काय? सुट्टी असल्याने गच्चीवर कोणी गेले नाही, म्हणून तो चौकोन रिकामा आहे. आलेख सलग दिसावा म्हणून तिथे ० भरण्याचा मोह होतो. तो आवरा. शुक्रवारचा ० म्हणजे ‘मोजले, पाऊस नव्हता’. रविवारचा रिकामा चौकोन म्हणजे ‘मोजलेच नाही’. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. (शिवाय सोमवारच्या १२ मिलिमीटरमध्ये रविवारी मापकात साठलेले पाणीही आले असणार. हे कोणताच आलेख तुम्हाला सांगणार नाही. वहीत तशी टीप हवी.)

शाळेतली चूक निदान डोळ्यांना दिसली. पण जी दिसतच नाही, तिचे काय? अशी एक चूक २०२० साली इंग्लंडमध्ये झाली.

कोविडची साथ तेव्हा पुन्हा वाढत होती. प्रयोगशाळांतून तपासणीचे निकाल त्या वेळच्या ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या संस्थेकडे येत. तिथे ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत घातले जात आणि पुढे पाठवले जात. या जुन्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. असा विचित्र आकडा का? संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. ओळीचा क्रमांक लिहायला सोळा द्विमान अंकांची जागा ठेवली, तर २ ला २ ने गुणत सोळा दोन जेवढे होतील तेवढेच क्रमांक मिळतात, आणि तो गुणाकार ६५,५३६ येतो. त्यातच एकेका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत. फाइल भरली आणि पुढच्या ओळी बाहेरच राहिल्या.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांतून अशी गळली. प्रसिद्ध होणारा आलेख मात्र सुबक दिसत होता. त्यात खाच नव्हती, रिकामी जागा नव्हती. साथ जरा संथ झाली असे वाटावे, एवढेच. या लोकांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण कोण आले, हे शोधणाऱ्यांकडे ही नावे वेळेवर पोचलीच नाहीत. ते संपर्कातले लोक काही माहीत नसताना कामावर, बाजारात, नातेवाइकांकडे जात राहिले. या गफलतीमुळे सव्वा लाखाहून अधिक जादा लोकांना संसर्ग झाला असावा, असा अंदाज पुढे वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी काढला.

चूक लक्षात आल्यावर राहिलेली नावे आकडेवारीत मिळवली गेली. २ ऑक्टोबरला ६,९६८ रुग्ण जाहीर झाले होते. ३ ऑक्टोबरला १२,८७२ आणि ४ ऑक्टोबरला २२,९६१. आलेखात एकदम सुळका उभा राहिला आणि लोक घाबरले. पण तेच रुग्ण नोंदीच्या तारखेऐवजी नमुना घेतल्याच्या तारखेवर मांडले, की सुळका विरघळतो आणि हळूहळू चढत गेलेली साथ दिसते. म्हणून तारखांचा आलेख हाती आला, की ती तारीख कशाची आहे, हे आधी विचारावे.

अशी गळती कशी ओळखायची? जुन्या काळचे मुनीम खातेवहीचे पान संपले की खाली बेरीज मांडत आणि तीच पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहीत. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे लिहायचेच नाही. इथेही तसेच. पाठवणाऱ्याने ‘इतक्या ओळी पाठवल्या’ असे कळवायचे, घेणाऱ्याने आलेल्या ओळी मोजायच्या. इंग्लंडमध्ये तात्पुरता उपाय म्हणून मोठ्या फाइलींचे लहान लहान भाग करण्यात आले.

आता एक प्रयोग करा. शाळेच्या संगणकावर एक्सेलचा नवा, कोरा तक्ता उघडा. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि खालच्या दिशेच्या बाणाची कळ एकदा दाबा. तुम्ही थेट शेवटच्या ओळीवर पोचाल. आज्ञावली २००७ किंवा त्यानंतरची असेल, तर तिथला क्रमांक १०,४८,५७६ असेल. हा आकडा येण्यासाठी किती दोन एकमेकांनी गुणावे लागतात, ते कागदावर करून पाहा.