अपस्माराची खानेसुमारी

ज्या मुंबईकडे अलिबाग-मुरुडचे आपले रुग्ण मांडव्याहून लाँचने जातात, त्याच मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर फिरून, १४,०१० रहिवाशांची पाहणी करून, डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'एपिलेप्सिया' या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, तो मला फार मोलाचा वाटतो. कारण रुग्णालयाच्या दप्तरी दाखल झालेल्यांवर विसंबून न राहता त्यांनी वस्तीच मोजली, आणि सक्रिय अपस्माराचे प्रमाण दर हजारी ३.६ ठरविले. (दुखणे लपविणाऱ्या घरांचा हिशेब अन्यथा लागतच नाही!) निद्राविज्ञानात डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांत झोपेतील श्वासरोधाच्या विकाराचे प्रमाण ७.५ टक्के नोंदविले. श्वासरोधाने झोप मोडते, आणि झोपमोडीने अपस्माराचा झटका ओढवू शकतो, म्हणून हे दोन्ही निबंध मी शेजारी ठेवून वाचतो.