रिव्हेटच्या डोक्याएवढी चूक

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी जोडायच्या विमानांचे संच विकते. तिच्या आरव्ही विमानांच्या धडाला, मागच्या भागात दोन्ही बाजूंना, एकेक साधा पोकळ रिव्हेट असतो. त्याचं गोलसर डोकं पत्र्याच्या किंचित वर राहतं. काही हौशी कारागिरांनी सुबक दिसावं म्हणून तिथे पत्र्याशी सपाट तोट्या बसवल्या, आणि वेगमापकासह उंचीमापकही चुकू लागला.

कारण वेगमापक मोजतो तो दोन दाबांमधला फरक. पिटो नळी समोरच्या वाऱ्याला तोंड देते. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये अशाच नळीने सेन नदीचा प्रवाह मोजला होता. धडावरच्या त्या रिव्हेटच्या भोकातून आजूबाजूच्या हवेचा स्थिर दाब मिळतो, आणि उंचीमापक सर्वस्वी त्याच्यावरच चालतो. पण उडत्या विमानाच्या अंगालगत दाब जागोजागी बदलतो. रिव्हेटच्या डोक्याचा उंचवटाही तो बदलतो, आणि संचाच्या रचनेत हा बदल हिशेबात धरलेला असतो.

हा खेळ फार नाजूक आहे. समुद्रसपाटीला १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाला, दाबातला फरक साडेसोळा सेंटीमीटर पाण्याएवढा. ५० नॉटला जेमतेम चार. म्हणूनच पारदर्शक नळी, पाणी, सिरिंज आणि फूटपट्टी एवढ्यावर घरी तपासणी होते. सिरिंजने हळूच दाब द्यायचा, पाण्याची पातळी काट्याशी ताडायची. दाब धरून ठेवल्यावरही काटा उतरला, तर कुठेतरी गळती आहे. तोंडाने मात्र कधीच फुंकायचं नाही. वेगमापक कायमचा बिघडू शकतो.

दुर्लक्षाची किंमत १९९६ ने दाखवली. फेब्रुवारीत बिर्गेनएअरचं बोइंग डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. पिटो नळीत कुंभारमाशीने घर केलं असावं, असा तपासाचा अंदाज होता. ऑक्टोबरमध्ये एरोपेरूच्या विमानाची स्थिर दाबाची भोकं धुताना लावलेल्या चिकटपट्टीखाली झाकलेलीच राहिली, आणि ७० जणांचा बळी गेला.

भोकाच्या जागेतली चूक पाण्याच्या नळीला कळत नाही, ती हवेतच उघड होते. चाचणी उड्डाणात वैमानिक एकाच वेगाने, एकाच उंचीवर तीन दिशांना उडतो आणि जीपीएसच्या आकड्यांतून वाऱ्याचा परिणाम वजा करून खरा वेग काढतो. तफावत राहिलीच, तर काही जण भोकाभोवती पातळ कडं चिकटवतात आणि पुन्हा त्याच तीन दिशांना उडून येतात.