शिंगटी ओळखताना मी केलेली चूक

मासा हातात, की उघडलेली, आणि दहा मिनिटांत नाव सापडलं? मग जरा थांबा. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं.

पुण्याजवळच्या नदीतून आणलेल्या बावीस माशांवर मी बिनधास्त लेबल लावलं: मिस्टस कव्हासियस. लक्षणं जुळत होती. मिशांच्या चार जोड्या, त्यातली सर्वात लांब जोडी थेट शेपटीपर्यंत. पाठीवरच्या पराला जवळजवळ टेकून सुरू होणारा लांब मेदपर. आणि त्या पाठीच्या पराच्या मुळाशी काळा ठिपका. ज्यांनी मासे पकडून दिले ते काका मात्र म्हणाले होते, "ही शिंगटी हो." मी ते वहीत लिहिलं आणि विसरलो.

गोम अशी. कव्हासियस हे नाव हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशाला दिलं. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशाला नाव दिलं ते सीन्गटी, म्हणजे आपली शिंगटीच! पुढे बरीच वर्षं दोन्ही एकच जात मानली गेली. २००५ च्या एका पुनर्तपासणीत सीन्गटी पुन्हा वेगळी धरली गेली. माझी की त्याआधीची होती. तिच्यात सीन्गटी नव्हतीच, त्यामुळे मासा कुठलाही असो, वाट कव्हासियसपाशीच संपणार होती.

स्थानिक नाव म्हणजे पुरावा नव्हे. शिंगटी हे नाव लोक अशा बऱ्याच माशांना सरसकट वापरतात. पण ते धागा नक्की देतं.

म्हणून तुम्ही हे करा:

१. की कोणत्या खोऱ्यासाठी आणि कोणत्या वर्षाची आहे, ते आधी बघा.

२. सापडलेल्या नावाची समानार्थी नावं तपासा. तुमच्या खोऱ्यातून वर्णन झालेलं एखादं नाव त्यात दडलेलं असेल, तर मूळ वर्णन आणि नंतरची पुनर्वर्णनं वाचा.

३. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी पराचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.

४. बारकोडवर डोळे झाकून विसंबू नका. डेटाबेसमधला मासा कुणीतरी माझ्यासारखाच ओळखलेला असू शकतो.

५. नमुना जपून ठेवा, फेकू नका.

माझ्या बरण्या होत्या, म्हणून चूक दुरुस्त करता आली. फक्त यादी उरली असती, तर ते चुकीचं नाव प्रबंधात गेलं असतं, आणि तिथून पुढच्या विद्यार्थ्याच्या यादीत.