प्लास्टिकची किंमत आणि मोल

जुन्या पेठेतील एखाद्या दुकानात भिंतीवरच्या लाकडी फळीवर बसवलेले काळे, गोल विजेचे खटके अजूनही दिसतात. मालकाच्या वडिलांनी दुकान थाटले तेव्हाचे ते असतात. पितळी दांडी बोटांनी घासून गुळगुळीत झालेली असते; काळे आवरण मात्र शाबूत असते. त्याच दुकानाच्या गल्ल्याखाली परवापरवापर्यंत पातळ पिशव्यांचा गठ्ठा ठेवलेला असे. त्यातील एका पिशवीचे उपयुक्त आयुष्य दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेएवढेच. खटका आणि पिशवी, दोन्ही वस्तू प्लास्टिकच्याच. एक टिकावी म्हणून घडवली, दुसरी टाकावी म्हणून. हा फरक काही अंशी पदार्थाचा आहे. पण त्याहून अधिक तो माणसाच्या हिशेबाचा आहे.

प्लास्टिकचा जन्म स्वस्ताईतून झाला नाही. तो दुर्मिळतेतून झाला. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महागला, तेव्हा १८६० च्या दशकात अमेरिकेतील चेंडू बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट या मुद्रण-कारागिराने कापसातील सेल्युलोजवर नत्राम्लाची प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून एक नवा पदार्थ तयार केला आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. हेच सेल्युलॉइड. चेंडूंसाठी ते फारसे यशस्वी ठरले नाही. परंतु फण्या, चाकूच्या मुठी, सदऱ्याच्या कॉलर, बाहुल्या अशा असंख्य वस्तू त्यातून निघू लागल्या. कासवाच्या पाठीसारखे ठिपके आणि हस्तिदंतासारख्या रेषा त्यात हुबेहूब उमटवल्या जात. या पदार्थामुळे हत्ती आणि कासव यांना विसावा मिळाला, असा दावा उत्पादकांनी आपल्या पत्रकातून केला होता. त्यात विक्रीचे चातुर्य होतेच, पण तथ्यही होते.

पुढच्या टप्प्याचा संबंध थेट भारताशी येतो. वीज आली तेव्हा तारांच्या आवरणासाठी आणि उपकरणांसाठी लाखेला मोठी मागणी आली. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. एक शेर लाखेमागे असे हजारो जीव खर्ची पडत. जगाला होणाऱ्या लाखेच्या पुरवठ्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. या लाखेला पर्याय शोधताना, मूळचे बेल्जियमचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनतज्ज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून संपूर्ण कृत्रिम असा पहिला प्लास्टिक पदार्थ तयार केला. तोच बेकेलाइट. एकदा उष्णता आणि दाब देऊन साच्यात घट्ट झाला की तो पुन्हा वितळत नाही, आणि वीजही वाहू देत नाही. पेठेतील तो काळा खटका याच कुळातला.

नक्कल करीत जन्मलेल्या या पदार्थाला स्वतःचे रूप मिळायला मात्र काही काळ गेला. सुरुवातीचे रेडिओ लाकडी कपाटासारखे असत. १९३४ मध्ये इंग्लंडमधील एको कंपनीसाठी वेल्स कोट्स यांनी बेकेलाइटचा पूर्ण वर्तुळाकार रेडिओ रेखाटला. लाकडात असा आकार साधणे खर्चाचे आणि कष्टाचे. साच्यात तो सहज निघे. ‘मी लाकूड नाही’ असे प्लास्टिकने या रेडिओच्या रूपाने जणू प्रथमच उघडपणे सांगितले. युद्धानंतर इटलीत हा आत्मविश्वास स्वयंपाकघरात उतरला. मिलानमधील कार्टेल कंपनीसाठी जिनो कोलोंबिनी यांनी रेखाटलेल्या झाकणाच्या प्लास्टिक बादलीला १९५५ मध्ये ‘कंपासो द’ओरो’ हा रेखाटनाचा मानाचा पुरस्कार मिळाला. एका बादलीला असा सन्मान लाभतो, तेव्हा त्या काळी त्या पदार्थाचे मोल किती मानले जात होते, हे कळते.

कलावंतांनीही प्लास्टिक जवळ केले. रशियात जन्मलेले शिल्पकार नाउम गाबो यांनी सेल्युलोजपासूनच्या पारदर्शक प्लास्टिकची शिल्पे घडवली. आज त्यांतील काही वाकली आहेत, काहींना तडे गेले आहेत, काहींचे अक्षरशः तुकडे झाले आहेत. डेन्मार्कचे वर्नर पँटन यांची एकसंध, पाय नसलेली खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली आणि जगभर नावाजली गेली. पुढे तिचा प्लास्टिकचा प्रकार बदलला, तेव्हा ऊन-पावसाने खुर्च्या ठिसूळ होऊन तुटू लागल्या आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबवावे लागले. नंतर पदार्थ बदलूनच ती परत आली. आपल्या महाराष्ट्रालाही याची झळ लागली आहे. आरंभीचे चित्रपट ज्या फितींवर चित्रित झाले, त्या सेल्युलॉइडच्या कुळातल्या आणि अत्यंत ज्वालाग्राही होत्या. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मौल्यवान ठेवा भस्मसात झाला.

येथे एक विलक्षण विसंगती समोर येते. जे जपायचे होते ते प्लास्टिक विरून चालले आहे. आणि जे टाकून दिले ते मात्र नाहीसे होत नाही. त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते कण मातीत-पाण्यात राहतात.

हे घडले कसे, याचे उत्तर पिशवीच्या जन्मकथेत सापडते. आज परिचित असलेल्या बंदांच्या पिशवीचे पेटंट १९६५ मध्ये सेलोप्लास्ट या स्वीडिश कंपनीला मिळाले. ती रेखाटली स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडावी लागू नयेत, म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी टिकाऊ पिशवी त्यांना हवी होती; ते स्वतः घडी केलेली पिशवी खिशात बाळगत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. वस्तू टिकाऊच होती. परंतु ती इतकी स्वस्त झाली की जपण्याचे कारणच उरले नाही.

व्यापारी वहीत दुकानातील फर्निचरचा घसारा लिहिला जातो, बुडीत उधारीचीही नोंद होते. पिशवीच्या किमतीत मात्र तिच्या विल्हेवाटीचा खर्च कोणी धरत नाही. ती रक्कम कोणाच्या तरी नावे पडतेच: नगरपालिकेच्या, तुंबलेल्या नाल्याच्या, किंवा पांजरपोळात आणलेल्या त्या गाईच्या, जिच्या पोटातून शस्त्रक्रियेने कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागते. एकेकाळी ज्याच्या कवचाला पर्याय म्हणून सेल्युलॉइड आले, ते समुद्री कासव आज तरंगती पिशवी भक्ष्य समजून गिळते. मुक्या जीवांची जी जमा सुरुवातीला झाली होती, ती अशी व्याजासह खर्ची पडली.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. मिठाईच्या खोक्यांवरील आणि निमंत्रणपत्रिकांवरील पातळ आवरणही त्या यादीत आहे. म्हणजे विषय थेट आपल्या घरच्या कार्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. कायदा वस्तू थांबवू शकतो. सवय मात्र घरातच बदलते.

ती सवय आपल्याला अपरिचित नाही. बादलीला तडा गेला की तापवलेल्या लोखंडाने ती सांधून देणारा कारागीर गल्लीत हाक देत येई, आणि घरातील वडीलधारी माणसे बादली बाहेर काढून ठेवीत. नवी घेण्याची ऐपत नव्हती असे नाही. घेतलेली वस्तू पुरेपूर वापरली पाहिजे, ही रीत होती. प्लास्टिक त्याज्य आहे की ग्राह्य, हा वाद पुढेही चालेल. विकत घेताना मात्र एकच प्रश्न पुरेसा आहे: ही वस्तू पेठेतल्या त्या काळ्या खटक्यासारखी पुढच्या पिढीच्या हाती देता येईल काय? उत्तर नाही असे आले, तर स्वस्त मिळाली तरी ती महागच पडली असे समजावे.